लिंक्स अवेकनिंग

निन्टेंडो या जपानी उद्योगसंस्थेच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या अद्‌भुतरम्य मालिकेतील एक साहसप्रधान व्हिडिओ गेम. मूळ जपानी नाव ‘झेरुदा नो देन्सेत्सू : युमे ओ मिरु शिमा’. त्यातील उत्तरार्धाचा अर्थ ‘स्वप्न पाहणारे बेट’ असा आहे. गेम बॉय या हातात धरून खेळावयाच्या संचासाठी तो तयार करण्यात आला आणि ६ जून १९९३ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत व वर्षअखेरीस यूरोपात तो उपलब्ध झाला. मालिकेतील हा चौथा खेळ असून हातात धरावयाच्या संचासाठी रचलेला तो मुख्य मालिकेतील पहिला खेळ होय. बेताच्या यंत्रसामग्रीवर उभारलेले विस्तृत विश्व आणि खेळाडूला आपल्याच पराक्रमाविषयी विचार करावयास लावणारे कथानक, या दोन कारणांनी व्हिडिओ खेळांच्या इतिहासात त्याला स्वतंत्र स्थान आहे.

पार्श्वभूमी : निन्टेंडो या संस्थेची स्थापना १८८९ मध्ये क्योटो येथे ‘हानाफुदा’ नावाची पारंपरिक पत्त्यांची पाने तयार करण्यासाठी झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती खेळणी व नंतर इलेक्ट्रॉनिक खेळ यांच्या निर्मितीकडे वळली. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा मालिकेतील पहिला खेळ शिगेरू मियामोतो (१६ नोव्हेंबर १९५२ – ) व ताकाशी तेझुका (१९६० – ) यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. क्योटोजवळच्या सोनोबे या गावी मियामोतो यांचे बालपण गेले. तेथील टेकड्या, रान व गुहा यांतून भटकताना आलेला शोधाचा आनंद खेळाडूला देण्याचा त्यांचा प्रयत्न होता. त्यानंतर १९८७ व १९९१ मध्ये मालिकेतील पुढील दोन खेळ निघाले. हे तिन्ही खेळ दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाचे होते. हायरूल नावाचे काल्पनिक राज्य, झेल्डा ही राजकन्या, तिचा वैरी गॅनन, ‘ट्रायफोर्स’ हे दैवी सामर्थ्याचे प्रतीक आणि या सर्वांच्या केंद्रस्थानी हिरवा अंगरखा घातलेला लिंक हा तरुण वीर, असा या मालिकेचा ठराविक संच असतो. लिंक्स अवेकनिंगमध्ये यांपैकी फक्त लिंक प्रत्यक्ष वावरतो. झेल्डाचा केवळ नामोल्लेख येतो, तर हायरूल हे घटनास्थळ नाही.

गेम बॉय हा संच एप्रिल १९८९ मध्ये जपानमध्ये विक्रीस आला. तो गुन्पेइ योकोइ (१९४१–९७) यांच्या विभागाने तयार केला होता. अद्ययावत व महाग तंत्रापेक्षा रुळलेले, स्वस्त तंत्र नव्या रीतीने वापरावे, असे योकोइ यांचे धोरण होते. त्यानुसार रंगीत पडद्याऐवजी हिरवट झाकेचा द्रवस्फटिक पडदा वापरण्यात आला. त्यावर आडवे १६० व उभे १४४ चित्रबिंदू असून प्रत्येक बिंदू चारच छटांपैकी एक छटा दाखवू शके. पडद्यामागे दिवा नसल्याने खेळण्यासाठी बाहेरचा प्रकाश आवश्यक असे. आठ बिटी सूक्ष्मप्रक्रियकाची गती सुमारे ४.१९ मेगाहर्ट्‌झ होती व कार्यकारी स्मृती केवळ ८ किलोबाइट होती. मात्र चार लहान विद्युत् घटांवर हा संच अनेक तास चाले, खिशात वा पिशवीत सहज मावे आणि पडला तरी सहसा मोडत नसे. या गुणांमुळे अधिक प्रगत प्रतिस्पर्ध्यांना त्याने मागे टाकले. गेम बॉय व त्याची १९९८ मधील रंगीत आवृत्ती मिळून जगभर सुमारे ११ कोटी ८७ लाख संच विकले गेले.

निर्मिती : या खेळाचा प्रारंभ संस्थेच्या अधिकृत योजनेतून झाला नाही. काझुआकी मोरिता या आज्ञावलीकाराने गेम बॉयची विकसन-साधने हाती येताच कामाच्या वेळेनंतर झेल्डासारखा एक छोटा खेळ प्रयोगादाखल रचण्यास सुरुवात केली. त्याला सहकारी येऊन मिळाले. प्रयोग समाधानकारक वाटल्यावर तेझुका यांनी १९९१ च्या ‘अ लिंक टू द पास्ट’ या खेळाचे गेम बॉयसाठी रूपांतर करण्यास अनुमती मिळविली. काम पुढे सरकले तसे रूपांतराची कल्पना मागे पडून स्वतंत्र खेळ आकारास आला. तेझुका हे दिग्दर्शक व मियामोतो हे निर्माते होते. कथेची मुख्य मांडणी योशिआकी कोइझुमी यांनी केली, तर संहितालेखनात केन्सुके तानाबे यांचा वाटा होता. पर्वतशिखरावर एक प्रचंड अंडे असावे आणि ते फुटताच जग संपावे, ही कल्पना तानाबे यांची. तिला बेट व स्वप्न यांची जोड कोइझुमी यांनी दिली.

मोकळ्या वेळेतील उपक्रम म्हणून आरंभ झाल्याने रचनाकारांवर मालिकेच्या संकेतांचे दडपण नव्हते. त्यामुळे निन्टेंडोच्या इतर खेळांतील पात्रे व प्राणी येथे सहज येऊन जातात. साखळीने बांधलेला चावरा गोळा हा ‘मारिओ’ मालिकेतील शत्रू येथे एका बाईचा पाळीव कुत्रा झाला आहे. रिचर्ड हा राजपुत्र १९९२ मध्ये जपानमध्ये निघालेल्या दुसऱ्याच एका गेम बॉय खेळातून आला आहे. तेझुका यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितल्याप्रमाणे, त्या काळी गाजलेल्या ‘ट्विन पीक्स’ (१९९०-९१) या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा नमुना त्यांच्या डोळ्यांसमोर होता. लहानशी वस्ती, मोजकी माणसे आणि त्यांपैकी प्रत्येकाच्या वागण्यात काहीतरी गूढ, अशी मांडणी त्यांना हवी होती. छोट्या पडद्याला व अल्प स्मृतीला ती सोयीचीही ठरली.

कथानक : समुद्रप्रवासात लिंकची नौका वादळात सापडते व वीज पडून फुटते. शुद्धीवर आल्यावर तो कोहोलिंट नावाच्या बेटावर असतो. मारिन या मुलीने त्याला किनाऱ्यावरून उचलून तारिनच्या घरी आणलेले असते. अर्धवट शुद्धीत तो तिला झेल्डा समजतो. बेटाच्या मध्यभागी तामारांच पर्वत असून त्याच्या शिखरावरील ठिपकेदार अंड्यात वायुमत्स्य निद्रिस्त आहे. तो जागा झाल्याखेरीज बेट सोडता येणार नाही, असे एक घुबड लिंकला सांगते. त्याला जागे करण्यासाठी बेटावरील आठ भुयारांत दडविलेली आठ वाद्ये मिळवावी लागतात. पूर्णचंद्राचा चेलो, शंखतुतारी, सागरलिलीची घंटा, लाटांची हार्प, वाऱ्याचा मारिंबा, प्रवाळाचा त्रिकोण, संध्याशांतीचा ऑर्गन व मेघगर्जनेचा ढोल अशी त्यांची नावे आहेत. प्रत्येक वाद्याचे रक्षण एक दुःस्वप्नरूपी राक्षस करतो.

निम्म्याहून अधिक प्रवास झाल्यावर एका प्राचीन देवळातील भित्तिशिल्पावरून लिंकला बेटाचे रहस्य समजते. कोहोलिंट हे खरे बेट नसून वायुमत्स्याचे स्वप्न आहे. तेथील माणसे, प्राणी, समुद्र व आकाश ही सर्व त्या स्वप्नाचीच अंगे आहेत. वायुमत्स्य जागा झाला की बेट नाहीसे होणार. राक्षस लिंकला अडवितात ते याच कारणाने. वायुमत्स्य झोपेत राहिला तरच त्यांचे अस्तित्व टिकणार असते. येथून पुढे लिंकचे कार्य तेच राहते, परंतु त्याचा अर्थ पालटतो. मारिनला समुद्रापलीकडील जगाची ओढ आहे. सागरपक्षी होऊन दूर उडावे व आपले गाणे दूरच्या लोकांनी ऐकावे, अशी तिची इच्छा ती किनाऱ्यावर लिंकजवळ बोलून दाखविते. वायुमत्स्याला जागे करणारे गीत तीच लिंकला शिकविते. अखेरच्या छायारूपी शत्रूचा पाडाव झाल्यावर वायुमत्स्य जागा होतो, बेटावरील एकेक स्थळ व रहिवासी विरून जातो आणि लिंक फुटक्या नौकेच्या फळकुटावर भर समुद्रात जागा होतो. देवमाशासारखा वायुमत्स्य त्याच्या डोक्यावरून आकाशमार्गे जाताना दिसतो. एकदाही मृत्यू न येता खेळ पूर्ण केलेल्या खेळाडूला शेवटी मारिनची एक ओझरती प्रतिमा दिसते. तिला पंख फुटलेले असतात किंवा सागरपक्ष्याच्या रूपाने ती सूचित होते. हा तपशील आवृत्तीनुसार बदलतो.

खेळाची रचना : खेळाडू बेटाकडे वरून पाहतो. बेटाचा नकाशा आडव्या १६ व उभ्या १६ चौकटींचा, म्हणजे एकूण २५६ दृश्यांचा आहे. एक चौकट एका वेळी पूर्ण पडदा व्यापते आणि लिंक कडेला पोहोचला की शेजारची चौकट सरकून येते. आठ भुयारांची अंतर्रचना याखेरीज आहे. प्रत्येक भुयारात कुलुपे, सरकते दगड, दडलेले जिने व शत्रू यांची कोडी असून तेथे एक नवे साधन सापडते. रॉक या कल्पित महापक्ष्याच्या पिसाने लिंकला उडी मारता येते. शक्तिकंकणाने तो जड वस्तू उचलतो, पेगॅसस बुटांनी वेगाने धावतो, तर आकड्याच्या साखळीने दरी ओलांडतो. नव्या साधनामुळे बेटावरील पूर्वी अडलेली वाट मोकळी होते. अशा रीतीने साधन, वाट व शोध यांची साखळी गुंफली जाते. मालिकेचा हा मूलभूत आकृतिबंध येथे अतिशय आटोपशीरपणे साधला आहे.

गेम बॉयवर कृतीच्या दोनच कळा असल्याने कोणतेही साधन कोणत्याही कळेला जोडण्याची सोय येथे केली गेली. पूर्वीच्या खेळांत तलवारीची कळ ठरलेली असे. येथे तलवारही बाजूला ठेवता येते व दोन साधने एकत्र वापरून नवे परिणाम साधता येतात. उदा., बूट व पीस एकत्र वापरल्यास लांब उडी मारता येते. भुयारांतील काही भाग वरून न दाखविता बाजूने दाखविले असून तेथे चढणे, उतरणे व उड्या मारणे यांना महत्त्व येते. मासेमारी आणि वस्तूंच्या अदलाबदलीची लांब साखळी या दोन गोष्टी झेल्डा मालिकेत प्रथम येथेच आल्या. अदलाबदल योशी या पात्राच्या बाहुलीपासून सुरू होते. फीत, कुत्र्याचे खाद्य, केळी, काठी, मधाचे पोळे, अननस, जास्वंद, पत्र, झाडू, गळ, कंठा व मत्स्यकन्येचा खवला अशा वस्तूंतून ती पुढे सरकते व शेवटी एक भिंग हाती येते. त्या भिंगाने गावातील ग्रंथालयातील बारीक अक्षरांचे पुस्तक वाचता येते आणि अंड्यामधील चक्रव्यूहाची वाट कळते. ही साखळी पूर्ण करताना खेळाडूची जवळजवळ सर्व रहिवाशांशी ओळख होते. त्यांपैकी प्रत्येकाला काहीतरी हवे असते व कोणीतरी ते देऊ शकतो. हे संबंध प्रस्थापित झाल्यामुळेच अखेरीस त्यांचे नाहीसे होणे खेळाडूच्या मनाला लागते.

तांत्रिक वैशिष्ट्ये : मूळ कार्ट्रिजची क्षमता ४ मेगाबिट, म्हणजे ५१२ किलोबाइट होती. बेट, भुयारे, संवाद, चित्रे व संगीत हे सर्व तेवढ्यात सामावले होते. प्रत्येक दृश्य १६ × १६ चित्रबिंदूंच्या फरशांनी बनते. आडव्या दहा व उभ्या आठ फरशा मिळून १६० × १२८ चित्रबिंदूंचे दृश्य होते आणि उरलेल्या १६ बिंदूंच्या पट्टीत लिंकची प्राणशक्ती, पैसे व हातातील साधने दाखविली जातात. त्याच त्या फरशा निरनिराळ्या प्रकारे जुळवून कुरण, वाळवंट, दलदल व पर्वत निर्माण केले असल्याने स्मृतीची मोठी बचत होते. खेळाची प्रगती जतन करण्यासाठी कार्ट्रिजमध्ये विद्युत् घटावर टिकणारी स्मृती बसविलेली होती.

मूळ आवृत्तीत काही दोषही होते. एका दृश्यातून दुसऱ्यात जाण्याच्या नेमक्या क्षणी नकाशाची कळ दाबल्यास लिंक नव्या दृश्याच्या विरुद्ध कडेला पोहोचे व त्यामुळे भिंती आणि अडथळे टाळता येत. पुढील आवृत्तीत हा दोष दूर करण्यात आला. दोनच कळांमुळे साधने सतत अदलून घ्यावी लागत व जड दगडाला स्पर्श होताच तोच तो संदेश पुन:पुन्हा उमटे. या गोष्टी कंटाळवाण्या होत, अशी टीकाही झाली.

संगीत : संगीताची बाजू काझुमी तोताका, मिनाको हामानो व कोझुए इशिकावा यांनी सांभाळली. गेम बॉयमध्ये ध्वनीचे चारच मार्ग असून त्यांपैकी एक केवळ खरखरीच्या आवाजासाठी असतो. उरलेल्या तीन मार्गांवर सर्व सुरावटी बांधाव्या लागत. या खेळात संगीत हे केवळ पार्श्वभूमीला राहत नाही, तर कथेचे सूत्र बनते. शोधावयाच्या वस्तू वाद्ये आहेत, मारिन गायिका आहे आणि अंड्याचे कवच गीताच्या सुरांनी फुटते. वाळवंटाची वाट अडवून झोपलेल्या वॉलरसलाही मारिनचे गाणेच उठविते. मोठ्या जागृतीची ही लहानशी पूर्वसूचना म्हणता येईल. लिंकला ओकारिना या वाद्यावर निरनिराळ्या सुरावटी शिकाव्या लागतात. याच वाद्याभोवती मालिकेतील ‘ओकारिना ऑफ टाइम’ (१९९८) हा प्रसिद्ध खेळ पुढे रचला गेला.

आशय : साहसप्रधान खेळांत जगाचे रक्षण करणे हे वीराचे कर्तव्य असते. खेळाडू त्याविषयी शंका घेत नाही. लिंक्स अवेकनिंगने हा संकेत उलटा केला. येथे वीर यशस्वी झाला की ज्यांनी त्याला आश्रय दिला तेच नाहीसे होतात. खेळ अर्ध्यावर सोडून दिला तर बेट टिकून राहते, परंतु लिंक तेथेच अडकून पडतो व खेळ अपुरा राहतो. दुसरा मार्ग खेळाडूला दिलेला नाही. हा पेच संवादांतून फारसा बोलून दाखविलेला नाही. गावातील एक मुलगा, आपण बेटावर कधीपासून राहतो या प्रश्नाने गोंधळून जातो, कारण ‘कधी’ ही कल्पनाच त्याला ठाऊक नसते. विनोदासारखे वाटणारे हे उत्तर रहस्य उलगडल्यावर निराळ्या अर्थाने आठवते. स्वप्नातील माणसांना भूतकाळ नसतो, हे त्यातून सूचित होते.

स्वप्नातील जीवन खोटे असले, तरी त्याबद्दलचा जिव्हाळा खोटा ठरतो का, असा प्रश्न कथेच्या तळाशी आहे. कथेतील उत्तर संयत आहे. स्वप्नाचा अंत होणे स्वाभाविक आहे, पण बेटाची आठवण जागृतीनंतरही खरी राहते, असे वायुमत्स्य सुचवितो. खेळाडूच्या स्थितीशी याचे साम्य उघड आहे. संच बंद केल्यावर त्यालाही एका कल्पित जगाची केवळ आठवण उरते. दोन नावांतील भेदही येथे लक्षणीय आहे. इंग्रजी नाव लिंकच्या जागृतीवर भर देते, तर जपानी नाव बेटावर. पहिल्यात कथेचा शेवट सूचित होतो आणि दुसऱ्यात तिचे रहस्य. मात्र खेळ पूर्ण होईपर्यंत यांपैकी कोणतीही सूचना सहसा लक्षात येत नाही.

नंतरच्या आवृत्त्या : गेम बॉयचा रंगीत संच निघाल्यावर डिसेंबर १९९८ मध्ये ‘लिंक्स अवेकनिंग डीएक्स’ ही रंगीत आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत रंगांवर आधारित कोड्यांचे एक नवे भुयार आहे. ते पार केल्यावर लिंकला बळ वाढविणारा तांबडा किंवा संरक्षण वाढविणारा निळा अंगरखा निवडता येतो. निरनिराळ्या प्रसंगी लिंकची छायाचित्रे टिपणारे एक पात्रही तीत असून ती चित्रे गेम बॉयच्या छोट्या मुद्रकावर छापता येत. मूळ आवृत्तीच्या सुमारे ३८ लाख व रंगीत आवृत्तीच्या सुमारे २२ लाख प्रती जगभर खपल्या. रंगीत आवृत्ती २०११ मध्ये ‘निन्टेंडो थ्रीडीएस’ या संचासाठी आणि २०२३ मध्ये ‘स्विच’ या संचाच्या वर्गणीदारांसाठी पुन्हा उपलब्ध करण्यात आली.

स्विचसाठी ग्रेझो या जपानी संस्थेने केलेली संपूर्ण नवी मांडणी २० सप्टेंबर २०१९ रोजी प्रसिद्ध झाली. तीत बेटाचा नकाशा व कोडी मूळची ठेवून दृश्यरूप मात्र त्रिमितीय केले आहे. पात्रे चकचकीत खेळण्यांसारखी असून बेट टेबलावर मांडलेल्या छोट्या देखाव्यासारखे भासते. कळांची संख्या वाढल्याने तलवार, ढाल, बूट इत्यादींना स्वतंत्र कळा मिळाल्या आणि साधने अदलून घेण्याचा त्रास कमी झाला. बेटावर एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाताना दृश्य आता सलग सरकते. खेळाडूला खोल्या जुळवून स्वतःचे भुयार रचता यावे, अशी सोयही करण्यात आली. दृश्यांची गती मधूनमधून मंदावते, ही तिची उणीव अनेकांनी दाखविली. सव्वीस वर्षांनी नव्या रूपात आलेल्या खेळाची कोडी फारशी बदलावी लागली नाहीत, यावरून मूळ रचना किती पक्की होती हे दिसून येते.

प्रभाव : लिंक्स अवेकनिंगनंतर मालिकेत हातात धरावयाच्या संचांसाठी रचलेल्या खेळांची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली. ‘ओरॅकल ऑफ सीझन्स’ व ‘ओरॅकल ऑफ एजेस’ (२००१), ‘द मिनिश कॅप’ (२००४), ‘फँटम अवरग्लास’ (२००७), ‘स्पिरिट ट्रॅक्स’ (२००९) आणि ‘अ लिंक बिट्‌वीन वर्ल्ड्‌स’ (२०१३) हे त्या परंपरेतील प्रमुख खेळ होत. ‘ओकारिना ऑफ टाइम’च्या रचनाकारांपैकी आणि पुढे मालिकेची धुरा वाहणारे एइजी आओनुमा यांनी सुसंगत कथानक व रहिवाशांचे व्यक्तिचित्रण या बाबतींत या खेळाचे ऋण मान्य केले आहे. २०२४ मध्ये निघालेल्या ‘एकोज ऑफ विझ्डम’ या खेळाचे दृश्यरूपही २०१९ च्या नव्या आवृत्तीशी मिळतेजुळते आहे.

व्हिडिओ खेळ ही करमणुकीची साधने असून त्यांत कथेला दुय्यम स्थान असते, असा समज या खेळाच्या काळी बराच रूढ होता. चार छटांच्या पडद्यावर, ५१२ किलोबाइटांच्या मर्यादेत आणि कामाच्या वेळेनंतर सुरू झालेल्या या खेळाने तो समज खोडून काढण्यास हातभार लावला. खेळाडूच्या स्वतःच्या कृतीतूनच त्याला हानीची जाणीव करून देणे, हे सामर्थ्य कथा वा चित्रपट या माध्यमांना या स्वरूपात उपलब्ध नाही. कथेत वाचक बेटाचा अंत वाचतो. येथे ते गीत खेळाडूला स्वतःच्या हाताने वाजवावे लागते. लिंक्स अवेकनिंगचे महत्त्व मुख्यतः या फरकात आहे.